टाकीची जागा नेमकी कुणाची? नळयोजनेच्या जमिनीचे कागद कोणत्या क्रमाने करायचे

टाकी भरली, नळ जोडले, नारळ फुटले, आणि तिसऱ्या वर्षी टाकीच्या आवाराला कुलूप लागले. कुलूप लावणारा होता जागा देणाऱ्या गृहस्थांचा पुतण्या. काकांनी जागा तोंडी दिली होती. ग्रामपंचायतीच्या फायलीत शंभराच्या बाँडवर एक संमतीपत्र होते, त्यावर काकांची सही आणि सरपंचांचा शिक्का. सातबारावर मात्र काका आणि पुतण्या सामाईक खातेदार, आणि पुतण्याची सही कुठेच नाही. पोलीस ठाण्यात "हा दिवाणी मामला आहे" एवढेच उत्तर मिळाले, आणि ते चूक नव्हते. गावाने बावीस दिवस टँकरचे पाणी प्यायले.

त्या योजनेवर शाखा अभियंता मी होतो. जागेची फाइल न उघडता, सरपंच म्हणाले म्हणून, मीच लाइनआउट (पायाची जागेवरची आखणी) दिला होता. पुढे नोकरीत अशी कुलपे, आडवे लावलेले बैल आणि पाइपलाइनवर चाललेले नांगर बरेच पाहिले. मुळाशी एकच चूक असायची: काम आधी, कागद नंतर. निधी परत जाईल या घाईत पाया खोदला जातो आणि कागद "नंतर बघू" म्हणून राहतो. पाया भरला की जागामालकाला घाई नसते, ग्रामपंचायतीला असते.

हे टिपण सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पाणीपुरवठा समितीचे सदस्य आणि ठेकेदाराचा साइटवरचा माणूस यांच्यासाठी आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

## टप्पा १: कुठे मालकी हवी, कुठे वाट पुरते

अंदाजपत्रकाचा नकाशा पुढे ठेवा आणि योजनेचा प्रत्येक भाग तीनपैकी एका रकान्यात टाका.

मालकी हवीच: विहीर किंवा बोअर, जॅकवेल (नदी-तलावाचे पाणी उचलायची विहीर), पंपघर, जलशुद्धीकरण केंद्र, उंच टाकी, संप (जमिनीतली टाकी).

वापराचा हक्क पुरतो: खासगी रानातून जाणारी पाइपलाइन, तिथपर्यंतची वाट, विजेच्या तारा.

परवानगी घ्यायची: रस्ता, कालवा, रेल्वे, वनजमीन, धरणाचे बुडीत क्षेत्र.

सगळ्यांना एकाच साच्यातले संमतीपत्र लावणे ही पहिली मोठी चूक. टाकीच्या जागेला संमतीपत्र कमी पडते. पाइपलाइनच्या पट्ट्याची मालकी मागितली तर लोक उगाच बिथरतात.

आता क्षेत्र. अभियंत्याला "टाकीला जागा किती?" असे विचारले तर तो टाकीच्या घेराचे माप सांगेल. तुम्ही विचारा, "कुंपणासकट किती?" जिना, व्हॉल्व्ह चेंबर, ओव्हरफ्लोचे पाणी काढायची नाली, क्लोरीनची खोली, उद्या दुसरी टाकी बांधायची वेळ आली तर तिची जागा, हे सगळे त्यात येते. विहिरीला तर उपसलेला मुरूम टाकायला आणि डीपीच्या खांबांनाही जागा लागते. आणखी एक बारीक गोष्ट: बोलताना आपण आर आणि गुंठा एकच धरतो. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे १०१ चौरस मीटरच्या किंचित वर. दस्तात हेक्टर-आर लिहा आणि कंसात चौरस मीटर.

> इशारा: रानाच्या मधोमध दिलेल्या दोन गुंठ्यांना वाट नसेल तर ती जागा अर्धीच मिळाली समजा. पंप बिघडला की क्रेन किंवा ट्रॅक्टर आत जावा लागतो. रस्त्यापर्यंतचा किमान तीन मीटरचा पट्टा त्याच दस्तात घ्या. "वाटेचं काय, आपलंच रान आहे" हे वाक्य मालक बदलला की हवेत विरते.

## टप्पा २: खासगी जागेआधी सरकारी जागा शोधा

गावठाणातली मोकळी जागा, ग्रामपंचायतीच्या नावावरचा एखादा गट, गायरान, जुन्या योजनेचे आवार. तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, सरकारी गटांची यादी घ्या आणि अभियंत्याबरोबर जागेवर फिरा. उंचीचे गणित जमत असेल तर फुकट मिळणाऱ्या खासगी जागेपेक्षा अशी जागा बरी.

पण इथेही एक गैरसमज खोल रुतलेला आहे: "गायरान म्हणजे ग्रामपंचायतीचेच की!" तसे नाही. जमीन शासनाची. ग्रामपंचायतीकडे असते ती देखभाल. नुसत्या ग्रामसभेच्या ठरावावर गायरानात टाकी बांधली तर ते अतिक्रमणच ठरते, मग ते ग्रामपंचायतीने केलेले का असेना. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०११ च्या निकालानंतर १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने गायरान देण्यावर कडक बंधने आली. सार्वजनिक कामासाठी दुसरी जागा नसेल तरच, तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो. त्यात "पर्यायी जागा का नाही" याचे उत्तर जागा पाहून लिहा. "पर्यायी जागा उपलब्ध नाही" या एका ओळीवर प्रस्ताव परत येतो.

वनजमीन आडवी आली की लोक योजनाच गुंडाळतात. वनहक्क कायदा २००६ चे कलम ३(२) आधी वाचा. त्यात गावाच्या गरजेच्या तेरा सुविधा दिल्या आहेत आणि पिण्याच्या पाण्याचा पुरवठा व पाण्याच्या पाइपलाइन त्यांत आहेत. प्रत्येक सुविधेला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस, या अटींवर हा मार्ग खुला होतो. वनसंरक्षण कायद्याच्या लांबलचक प्रस्तावापेक्षा तो फार सुटसुटीत आहे. तरीही पत्र हातात पडेपर्यंत कुदळ मारायची नाही.

## टप्पा ३: सातबारा वाचा, नुसता जोडू नका

माझ्या मते ऐंशी टक्के भानगडी इथेच टळतात. प्रस्तावाला सातबारा जोडलेला सगळीकडे असतो. वाचलेला क्वचित असतो.

डिजिटल सहीचा ताजा सातबारा काढा, सोबत आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा), गटाचा नकाशा, आणि सातबारावर ज्यांचे क्रमांक आहेत ते जुने फेरफार (मालकी-हक्कांतल्या बदलांच्या नोंदी). मग एकेक रकाना बोट ठेवून वाचा.

भोगवटादाराचा वर्ग. वर्ग १ (मालकाला मोकळेपणाने देता-विकता येते अशी जमीन) असेल तर पुढे चला. वर्ग २ किंवा "नवीन शर्त" असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बक्षीस नाही आणि विक्रीही नाही. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ चा शेरा असतो. विक्री प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीनुसार आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) चाळीस पट नजराणा सरकारला भरून वाट मोकळी होते. ते आधी उरकून घ्या. इनाम, देवस्थान, वतन असे शब्द दिसले तर थांबा. "देवाचीच जमीन, देवाच्या लेकरांना पाणी" हे वाक्य मी एका विश्वस्ताकडून ऐकले आहे. भावना ठीक, पण सार्वजनिक न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय कुणालाच देता येत नाही.

नावे. एका गटावर सात नावे असतील तर सात सह्या. नावापुढे "ए.कु.मॅ." असेल तर ती एकत्र कुटुंबाची जमीन आहे आणि त्या नावामागे आणखी माणसे आहेत. "अ.पा.क." असेल तर खातेदार अज्ञान आहे. त्याच्या वाट्याची जमीन आई किंवा मामा न्यायालयाच्या परवानगीशिवाय देऊ शकत नाहीत, कितीही प्रेमाने दिली तरी. खातेदार मयत असेल तर आधी वारसनोंद, मग बाकी सगळे.

लेकी-बहिणींच्या सह्या घ्यायच्या टाळल्या जातात. "त्या दिल्या घरी सुखी आहेत." असतील, पण हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये तो जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. तिचे नाव सातबारावर नसेल तरी वंशावळ काढा, तिला भेटा, तिची सही घ्या.

इतर हक्क. उजव्या बाजूचा हा रकाना बारीक अक्षरात असतो आणि खरा मजकूर तिथेच असतो. सोसायटीचा बोजा, बँकेचे गहाण, "पुनर्वसनासाठी", "हस्तांतरणास बंदी", न्यायालयातल्या दाव्याची नोंद, शेजाऱ्याच्या विहिरीतला पाण्याचा हिस्सा. बोजा असेल तर पीक हाती आल्यावर कर्ज भरून तो उतरवा, किंवा तेवढ्या क्षेत्रापुरता बँकेचा ना हरकत दाखला घ्या.

आदिवासी खातेदार. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ खाली बिगरआदिवासीकडे हस्तांतराला पूर्वपरवानगी लागते. ग्रामपंचायत घेते म्हणून आपोआप सूट मिळते असे समजू नका. अशा गावांत सरकारी जागा किंवा वनहक्काचा मार्ग आधी चाचपा.

गावठाणातली जागा असेल तर सातबारा नसतोच. तिथे लोक नमुना ८ चा उतारा आणतात. नमुना ८ ही घरपट्टीची आकारणी आहे, मालकीचा पुरावा नव्हे. मिळकत पत्रिका मागा. ड्रोनने गावठाणांची मोजणी झाल्यापासून ती बऱ्याच गावांत मिळते.

> तपासा: सातबारावरची नावे, वंशावळीतली नावे आणि प्रत्यक्ष वहिवाट करणारा माणूस, हे तिन्ही जुळतात का? रान कसणारा वेगळाच निघाला तर त्याला पहिल्याच दिवशी बैठकीला बोलवा.

## टप्पा ४: ठराव असा लिहा की रजिस्टर ऑफिसात चालेल

कायद्याने ग्रामपंचायत ही स्वतंत्र व्यक्ती आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे ती स्वतःच्या नावाने मालमत्ता धारण करते. म्हणून घेणार ग्रामपंचायत, सरपंच नव्हे.

"टाकीसाठी जागा घेण्यास मंजुरी देण्यात येत आहे" हा ठराव निरुपयोगी. त्यात गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, देणाऱ्यांची सातबाराप्रमाणे नावे, बक्षीस की खरेदी, खर्च कोणत्या निधीतून, दस्तावर ग्रामपंचायतीतर्फे सही कोण करणार आणि बक्षीस स्वीकारले, हे सगळे हवे. शेवटचा मुद्दा औपचारिक वाटतो, पण बक्षीस देणारा हयात असतानाच ते स्वीकारलेले असावे लागते. वृद्ध दात्याच्या बाबतीत सहा महिने "पुढच्या मासिक सभेत घेऊ" म्हणत काढू नका.

> इशारा: दस्तात घेणाऱ्याच्या जागी "श्री. अमुक, सरपंच" असे लिहिलेले दस्त माझ्या पाहण्यात आहेत. मग सातबारावर त्या माणसाचे नाव चढते. निवडणूक होते, सरपंच बदलतात, आणि टाकी माजी सरपंचांच्या नावावर राहते. "ग्रामपंचायत अमुक, तालुका अमुक, तर्फे सरपंच" असेच लिहा.

## टप्पा ५: आधी मोजणी, मग दस्त

पावलांनी मोजून चुना टाकायचा आणि त्यावरून दस्त करायचा, हा उलटा क्रम. बांध सरकलेले असतात. एका ठिकाणी दस्त एका गटाचा आणि टाकी शेजारच्या गटात चार मीटर आत, असे झाले होते. शेजारी सज्जन होता म्हणून निभावले.

ग्रामपंचायत अजून मालक नाही, म्हणून मोजणीचा अर्ज जागा देणाऱ्याच्या सहीने जातो. फी ग्रामपंचायतीने भरावी, त्याच्या खिशाला हात लावू नये. मोजणीच्या दिवशी लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस जाते. त्या दिवशी अभियंत्याने स्वतः हजर राहावे आणि टाकीचा मध्य, कुंपणाचे कोपरे, वाटेचा पट्टा भूकरमापकाला दाखवावा. खुणेचे दगड त्याच वेळी पुरा. हातात येणारी "क" प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, दस्ताला जोडायची आहे.

इथेच तुकडेबंदीचा प्रश्न उभा राहतो. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र (याहून लहान तुकडा पाडता येत नाही) बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे ठरवले. टाकीला हवेत दोन गुंठे. मोठ्या गटातून एवढेच कापून घेतले की तुकडा पडतो आणि दुय्यम निबंधक दस्त अडवतात. मोजणीचा अर्ज टाकला त्याच आठवड्यात तहसील कार्यालयातून परवानगीची गरज आणि पद्धत लेखी विचारून घ्या. या नियमांत अलीकडे सारखे बदल होत आले आहेत, त्यामुळे शेजारच्या गावाने दोन वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नका.

## टप्पा ६: दस्त नोंदवा. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

हे तीनदा लिहावेसे वाटते. स्टँपपेपर कितीचाही असो, पूर्वी शंभराचा असे, आता पाचशेचा, त्यावर नोटरीचा लाल शिक्का असो की सगळ्या गावाच्या सह्या, स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदले नसेल तर मालकी सरकत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १२३ सांगते की बक्षीसपत्र नोंदलेले हवे आणि त्यावर किमान दोन साक्षीदार हवेत. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला नेला पाहिजे.

बक्षीसपत्रात काय लिहू नये, हे काय लिहावे याहून महत्त्वाचे. जागा देणाऱ्याच्या मनात बहुधा काहीतरी असते: मुलाला पाणी सोडायची नोकरी, घरपट्टी माफ, दोन नळ फुकट. लपवण्यात अर्थ नाही, समोर बसवून विचारा. जे ग्रामपंचायत देऊच शकत नाही त्याचा शब्द देऊ नका. आणि मोबदला ठरलाच असेल तर त्याला बक्षीस म्हणू नका, सरळ खरेदीखत करा. "योजना बंद पडल्यास जागा परत" ही अटही मान्य करू नका. बंद म्हणजे किती दिवस बंद? मोटर जळली आणि पंधरा दिवस पाणी आले नाही तर? एक गोष्ट मात्र जरूर द्या: टाकीवर दात्याच्या वडिलांच्या नावाची पाटी. खर्च थोडा असतो आणि पुढची पिढी त्या पाटीपायी अडून बसत नाही.

मुद्रांक शुल्क माफ असेल असे गृहीत धरू नका. ग्रामपंचायत म्हणजे राज्य सरकार नव्हे. मसुदा घेऊन आधी मूल्यांकन करून घ्या, तेवढ्या रकमेची तरतूद ठरावात धरा.

मालक द्यायलाच तयार नसेल आणि दुसरी जागाही नसेल, तर वाटाघाटीने थेट खरेदी करा. तेही जमले नाही तर २०१३ चा भूसंपादन कायदा आहे. त्यात अधिसूचना, हरकती, निवाडा असे सगळे टप्पे येतात, आणि दोन गुंठ्यांसाठी ही वाट चालताना योजनेची मुदत संपून जाते. माझा सल्ला असा की भूसंपादनाच्या आधी अभियंत्याला टाकीची जागा शंभर मीटर हलवता येते का ते विचारा. बऱ्याचदा येते, फक्त त्याला पुन्हा लेव्हल घ्यायचा कंटाळा असतो. मलाही असायचा.

## टप्पा ७: फेरफार मंजूर होईपर्यंत पाठ सोडू नका

नोंदणी झाली की माहिती ऑनलाइन तहसीलला जाते, फेरफार आपोआप धरला जातो, आणि इथे सगळे निवांत होतात. फेरफार धरणे वेगळे, मंजूर होणे वेगळे. मधे हितसंबंधितांना नोटिसा आणि हरकतीचे पंधरा दिवस असतात. नोटीस बजावली नाही, नावात काना-मात्रेची चूक, क्षेत्र जुळत नाही, अशा कारणांनी मंडळ अधिकारी नोंद रद्द करतात, आणि ग्रामपंचायतीला ते दोन वर्षांनी कळते.

> तपासा: नव्या सातबारावर ग्रामपंचायतीचे नाव, बरोबर क्षेत्र आणि मंजूर फेरफाराचा क्रमांक दिसतो का? दिसला की त्याची प्रत अभियंत्याला द्या. लाइनआउट त्यानंतर.

## टप्पा ८: पाइपलाइन. संमती मरते, हक्क उरतो

रानातून पाइप न्यायला शेतकरी सहज हो म्हणतो, कारण माती परत टाकली की काही दिसत नाही. नुसती संमती म्हणजे कायद्याच्या भाषेत परवाना. जमीन विकली गेली की नवा मालक त्या परवान्याने बांधील नसतो. तुम्ही पक्के काम केले, खर्च केला, म्हणून परवाना मागे घेता येत नाही, असा बचाव सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट-पाणी नेण्याचा हक्क) अधिनियमाच्या कलम ६० मध्ये आहे. पण तो बचाव न्यायालयात मांडायचा असतो आणि गावाला पाणी उद्या सकाळी हवे असते.

म्हणून पहिला उपाय आखणीचाच: पाइप शक्यतो रस्त्याच्या कडेने, पाणंदीने, शिवरस्त्याने न्या. लांबी दोनशे मीटर वाढली तरी चालेल. जिथे खासगी रान टळत नाही तिथे, विशेषतः ऊर्ध्ववाहिनीसाठी (पंपापासून टाकीपर्यंतच्या पाइपसाठी), सुविधाधिकाराचा दस्त करा आणि नोंदवा. ज्या टाकीच्या किंवा विहिरीच्या जागेसाठी हा हक्क आहे तिचा गट क्रमांक त्यात लिहा. पट्ट्याची रुंदी, पाइपची खोली, दुरुस्तीला आत शिरायचा हक्क, पिकाच्या नुकसानीची भरपाई कशी मोजायची, पट्ट्यावर विहीर, घर किंवा मोठे झाड नको, आणि हे सगळे वारसांवर आणि पुढच्या खरेदीदारावर बंधनकारक, एवढे त्यात आले पाहिजे. नंतर "इतर हक्कात" नोंदीचा अर्ज द्या.

महसूल संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदार शेजाऱ्याच्या रानातून पाइप न्यायची परवानगी देतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. ते कलम शेतीच्या पाण्यासाठी आहे. नळयोजनेचा अर्ज तिथे लावून वेळ घालवू नका.

खोदाईची वेळ शेतकऱ्याला विचारून ठरवा. खरीप निघाल्यावर आणि रब्बी पेरायच्या आधी थोडे दिवस मिळतात, उसाच्या रानात तेही नाहीत. खोदण्यापूर्वी उभ्या पिकाचे, बांधाचे, ठिबकच्या नळ्यांचे फोटो काढा आणि शेतकऱ्यासमक्ष पंचनामा करा. वरची काळी माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला, आणि बुजवताना मुरूम आधी, काळी वर. जेसीबीवाला हे आपणहून कधीच करत नाही. रानात मुरूम वर आला की तो शेतकरी पुढच्या दुरुस्तीला आत येऊ देत नाही, कागद काहीही म्हणोत.

## टप्पा ९: रस्ता, कालवा, रेल्वे

आधी रस्ता कुणाचा ते नक्की करा. डांबर सारखेच दिसते, पण राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे, ग्रामीण रस्ते साधारणपणे जिल्हा परिषदेकडे, राष्ट्रीय महामार्ग वेगळ्याच यंत्रणेकडे. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज तिथून पुढे जात नाही, तिथेच राहतो. रेल्वेखालून जायचे असेल तर तो अर्ज सगळ्यात आधी टाका. त्याला लागणारा वेळ बाकी सगळ्या परवानग्यांच्या बेरजेएवढा असू शकतो. धरण किंवा तलावातून पाणी उचलायचे तर जागेच्या परवानगीबरोबर जलसंपदा विभागाची पाणी मंजुरीही लागते. या दोन फायली आहेत, एक नव्हे.

परवानगीपत्रातल्या अटी ठेकेदाराला वाचून दाखवा. रस्ता रुंद झाल्यास पाइप स्वखर्चाने हलवावा लागेल, अशी अट बहुधा असतेच. पाइप कडेपासून किती आत टाकायचा हे तिच्याकडे बघून ठरवा.

## टप्पा १०: मिळालेला हक्क राखणे

काम संपल्यावर महिन्याच्या आत एवढे करा. जमिनीची नोंद नमुना २४ मध्ये, टाकी आणि पंपघराची नमुना २२ मध्ये. पाइप प्रत्यक्ष जिथून गेला त्याचा नकाशा ठेकेदाराकडून घ्या, अंतिम देयकाआधी. देयक निघाल्यावर तो फोन उचलत नाही. वळणांवर खुणेचे दगड रोवा. आवाराला कुंपण घाला, अगदी काटेरी तारेचे का होईना.

कुंपण नसले की शेजारचा बांध दरवर्षी वीतभर सरकतो. रस्त्याच्या जागेवरचे अतिक्रमण काढायला स्थानिक संस्थेला दाव्यासाठी तीस वर्षांची मुदत मिळते, पण टाकीच्या साध्या जागेला ती सवलत नाही. तिथे बारा वर्षेच. दरवर्षी एप्रिलमध्ये सातबारा काढून बघा आणि समितीने चारी कोपऱ्यांवर उभे राहून फोटो काढावा. अतिक्रमण दिसले तर तोंडी समज देऊन थांबू नका. तारीख घातलेली लेखी नोटीस द्या आणि ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खालची कारवाई लगेच सुरू करा.

विहिरीच्या बाबतीत जमिनीइतकेच तिच्यातल्या पाण्याकडे लक्ष ठेवा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर भूजल कायद्यात बंधन आहे. योजनेची विहीर अशा स्रोतांच्या यादीत आहे याची खात्री करून घ्या. बोअरची गाडी शिवारात आली की त्याच दिवशी तहसीलदारांना पत्र द्या. बोअर झाल्यावर दिलेल्या पत्राला फारसा अर्थ उरत नाही.

सुरुवातीचे ते कुलूप कसे निघाले, ते विचाराल. पुतण्याने तहसीलदारांसमोर किल्ली दिली, पण अट घातली की कागद नीट करा. वंशावळ काढली तर हिस्सेदार सहा निघाले, त्यांत दोन आत्या. दोन गुंठ्यांचे बक्षीसपत्र व्हायला चौदा महिने लागले. धाकटी आत्या सही करायला सुरतेहून आली. तिचे गाडीभाडे ग्रामपंचायतीने दिले, आणि ते कोणत्या लेखाशीर्षात टाकायचे हे कुणालाच न कळल्यामुळे लेखापरीक्षणात त्यावर शेरा पडला.